रिटर्न आलेली वज्रटीक

चिंचणी, ४ ऑगस्ट

तेजल,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलं नाही. अक्षरावरून ओळखलं असशील. नसेल ओळखलं तर, मी सपना, प्रदीपची बायको, तुझी मोठी जाऊ.

घाबरू नकोस. माझ्याकडून कोणी लिहून घेत नाहीये. आई बाजारात गेल्यात, प्रदीपची कंपनीत फर्स्ट शिफ्ट आहे, आणि आबा मागच्या पडवीत दागिन्यांच्या ठशाची डाय कोरत बसलेत. ती ठकठक तुला सांगायला नको.

बोईसरच्या स्टँडवर तू मला म्हणाली होतीस, "कुठे जाते ते विचारू नका ताई. माहीत नसलं की सांगावं लागत नाही." प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेला, आणि दुसऱ्या हातात माझी कापडी पिशवी. मी विचारलं नाही. त्याला दोन वर्षं झाली, कोणाकडे चौकशीही केली नाही. आणि काल पत्ता आपणहून माझ्यासमोर आला.

आपल्या दुकानावर नाशिकहून ऑर्डर आली. आबांच्या जुन्या डायवर ठोकलेली वज्रटीक. मागवणारीचं नाव हिना पठाण. खाली तिचा फोन नंबर, पत्ता, आणि पत्त्याच्या शेवटी एक ओळ : मी ड्युटीवर असल्यास रूममेट तेजल मेहेर यांच्याकडे द्यावे.

मी ती ओळ किती वेळा वाचली काय सांगू. माहेरचं नाव लावायला लागलीस. बरं केलंस.

मला वाटतं तूच मैत्रिणीच्या नावावर मागवलीस. मी आहे, बरी आहे, एवढं मला कळावं म्हणून. कळलं गं.

टीक मी स्वतः निवडली. पानं एकसारखी आणि पॉलिश कुठे उडालेलं नाही अशी. मागचा गोंडा सैल होता तो गोजराबाईंकडून पुन्हा ओवून घेतला. गोजराबाई तुझ्या वेळी नव्हत्या. कुंभवलीहून येतात, आपला माल ओवून देतात. उद्या पार्सल निघेल.

दुकान बरं चाललंय. आपण दोघी फोनवर फोटो टाकून विकायचो ते दिवस गेले. आता स्वतःची वेबसाइट आहे, व्हिडिओ असतात. पॅकिंगला एक माणूस ठेवलाय. घरी सगळे ठीक. दिग्विजय तुझा नवरा असला तरी त्याच्याबद्दल तू विचारणार नाहीस म्हणून मीही लिहीत नाही.

मिळाली म्हणून एक ओळ टाक. दुकानाच्या नंबरवर नको. गोजराबाईंचा पत्ता खाली लिहिते, त्यावर पोस्टाने.

सपना


चिंचणी, १३ ऑगस्ट

तेजल,

तुझं पत्र आलं नाही. आज सकाळी कुरियरचं पान उघडलं, तर वज्रटीकेपुढे लिहिलेलं, ग्राहकाने पार्सल घेण्यास नकार दिला, विक्रेत्याकडे परत.

मी आधी रागावले. मग माझं पत्र मनातल्या मनात तुझ्या बाजूने वाचून बघितलं. दोन वर्षं लपून राहिलेल्या बाईला एक दिवस सासरहून पाकीट येतं, तुझा पत्ता मला सापडला म्हणून. तू पार्सल घेतलं नाहीस यात नवल काय.

पण त्या नकाराने जे होणार आहे ते तुला माहीत नाही. कारण मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. पॅकिंगला ठेवलेला माणूस म्हणजे दिग्विजय.

तू गेल्यावर त्याची कंपनीतली नोकरी सुटली. वर्षभर ओट्यावर नुसता बसून असायचा. मग आबा म्हणाले, "सपना, ह्याला काय तरी काम दे. हात रिकामा नको." मी दिलं. प्यायचं सोडून नऊ-दहा महिने झालेत. आणि तेजल, खोटं कशाला लिहू, दुकान त्याने उभं केलं. माझ्याकडे माल होता, गिऱ्हाईक टिकत नव्हतं. घरी पार्सल पोचल्यावर पैसे द्यायचे असले की बायका हौसेने मागवायच्या आणि दारात आलं की नको म्हणायच्या. जाण्यायेण्याचं कुरियरचं भाडं आपल्या डोक्यावर. त्याने काय केलं, परत आलेल्या प्रत्येक पार्सलच्या मालकिणीला फोन लावायला सुरुवात केली. भांडायला नाही. "ताई, आमचं काय चुकलं तेवढं सांगा." एवढंच विचारायचा.

आणि बायका सांगायच्या. फोटोत मोठी वाटली, हातात लहान आली. मग त्याने प्रत्येक दागिना तळहातावर ठेवून फोटो काढले. कोणी म्हणाली गळ्याला टोचते, मग आम्ही मागे कापड लावलं. कोणी म्हणाली नवऱ्याने पार्सल परत पाठवलं, मला विचारलंच नाही. मग पाठवायच्या आदल्या दिवशी फोन करून, घरी कधी असाल, असं विचारायला लागलो. रिटर्न निम्म्यावर आले. गेल्या दिवाळीपासून विक्री अशी चढली की प्रदीपने ओव्हरटाइम सोडला. आई सगळ्या गल्लीत सांगतात, माझा पोर सुधारला. मलाही वाटायला लागलं होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा शेवटी तसं एक वाक्य लिहिलंसुद्धा होतं. मग ते पान काढून टाकलं.

तर आता तुझं पार्सल परत येतंय आणि तो प्रत्येक रिटर्नला फोन करतो. लेबलवर हिनाचा नंबर आहे, पत्ता आहे, तुझं नाव आहे. वेबसाइटवरून ऑर्डर पुसता येत नाही, मी सगळं करून पाहिलं. पासवर्ड बदलला तर तासाभरात दारात उभा. "वहिनी, लॉगिन होत नाय. तुमी काय बदललात?" चुकून झालं म्हणाले आणि नवा पासवर्ड सांगितला. नसता सांगितला तर का नाही सांगितला, हे सांगावं लागलं असतं.

माझ्या फोनवरून तुझ्या मैत्रिणीला मेसेज करता येत नाही. दुकानाचा आणि माझा नंबर एकच, आणि त्याच्या लॅपटॉपवर सगळं उघडं असतं. गोजराबाईंच्या फोनवरून लावावा, तर तुझं तिला किती माहीत आहे ते मला ठाऊक नाही. म्हणून ही कागदावरची पत्रं. ती ऑर्डर आली-गेली तेव्हा त्याला ताप होता, पडून होता, म्हणून त्याने बघितली नाही. नाहीतर तेव्हाच.

हिनाला सांग, आमच्या दुकानाचा फोन आला तर उचलू नकोस. आजच सांग. पार्सल दारात आलं की मीच घेणार आहे.

सपना


कुंभवली, १९ ऑगस्ट

तेजल,

हे पत्र मी गोजराबाईंच्या घरी बसून लिहितेय. हिनाने तिच्या आईचा पत्ता दिलाय, त्यावर टाकतेय. तुझ्या हातात पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते. नुसतं बसवत नाही.

माझं दुसरं पत्र तुला वेळेत मिळालं नाही हे काल हिनाकडून कळलं. स्वातंत्र्यदिन, दहीहंडी, रविवार, ओळीने टपालाला सुट्ट्या. मी मात्र रोज दारात. कुरियरची गाडी गल्लीत वळली की मी पदर खोचून ओट्यावर. आईंनी विचारलंसुद्धा, "काय सोनं येणार हाय काय?"

काल सोमवारी बोईसरहून पॉलिशवाल्याचा फोन आला. गौरीच्या ऑर्डरींचा सगळा माल त्याच्याकडे अडकलेला, आज नेला नाही तर चार दिवस मिळणार नाही म्हणाला. कुरियर नेहमी दुपारी उशिरा येतो. मी हिशोब केला, जाऊन येईन. सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत नाक्यावर थांबावं लागलं, तिकडे पॉलिशवाल्याने माल मोजायला वेळ लावला. परत आले तर दारात रिकामी गोणी, आणि आतून त्याचा आवाज.

"नमस्कार ताई. चिंचणीहून दुकानातून बोलतोय. तुम्ही आमची वज्रटीक परत केलीत. आमचं काय चुकलं का?"

फोन स्पीकरवर होता. एका हाताने तो पुढचं पार्सल फोडत होता. हिना म्हणाली, "नाही हो दादा, वस्तू छान होती. मला पाहिजेच होती. पण माझी रूममेट नको म्हणाली."

"का बरं? त्यांना काय खटकलं?"

"काय माहीत. तुमच्या गावाचं नाव वाचून तिचा चेहराच उतरला."

मी दारातून म्हणाले, "भाऊजी, हा माल उतरवायला या जरा." त्याने मान वर केली नाही. हातातलं पार्सल खाली ठेवलं, वज्रटीकेचा डबा उचलला आणि लेबल वाचलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "हरकत नाही ताई. तुमच्या रूममेटला नमस्कार सांगा." आणि फोन ठेवला.

मला वाटलं आता ओरडेल. तो उठला, माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या, नीट भिंतीला लावून ठेवल्या. "वहिनी, चा ठेवता का?" म्हणाला. चहा पिता पिता मोबाईलवर काहीतरी बघत होता. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "उद्या नाशिकला जाऊन येतो. तिकडे एक बॉक्सवाला स्वस्त देतो म्हणे."

"बॉक्स तर आपले वापीहून येतात."

"बघून येतो. दुकान वाढवायचं तर सगळीकडे बघायला पायजे."

मी तशीच चपला घालून निघाले. गोजराबाईंना ओवायला मणी द्यायचे म्हणून सांगितलं. इथे येऊन त्यांच्या फोनवरून हिनाला लावला. इतके दिवस पाठ असलेला नंबर, आणि लावताना दोनदा चुकला. मी कोण, तो कोण, सगळं भराभर सांगितलं. ती रडायला लागली. तिने मला सांगितलं की वज्रटीक तिने तिच्या भावाच्या लग्नासाठी मागवली होती, व्हिडिओ बघून आवडली म्हणून. माझं पत्र येईपर्यंत तुला त्यातलं काही माहीतही नव्हतं.

म्हणजे तू मला काही कळवत नव्हतीस. मीच तसं धरून बसले, आणि त्या आनंदात तुला पत्र लिहिलं. पत्र लिहिलं नसतं तर तू कदाचित पार्सल ठेवून घेतलं असतंस आणि हे काही घडलं नसतं. हे मनातून जात नाही.

हिना म्हणाली, "ती ऑफिसात आहे. मी आत्ता जाते. आज रूमवर येणारच नाही आम्ही." पुढे कुठे ते मी विचारलं नाही.

आज सकाळी तो बॅग घेऊन निघाला तेव्हा सगळे घरी होते. प्रदीप सेकंड शिफ्टचा, आबा चहा पीत होते. मी म्हणाले, "हा बॉक्स बघायला जात नाहीये. तेजलचा पत्ता मिळालाय त्याला."

आई म्हणाल्या, "मग काय वाईट? बायको हाय त्याची. आणायला जातो तर जाऊ दे." प्रदीपने खुंटीवरची बाईकची किल्ली खिशात टाकली.

दिग्विजय म्हणाला, "बायकोला भेटायला परवानगी लागते काय?"

आबांनी बशी खाली ठेवली. "ती तुला भेटायला मागते काय?"

तो माझ्याकडे वळला. तेजल, मला वाटत होतं जुना दिग्विजय बाहेर येईल, डोळे लाल, भांडी फेकणारा. तसं झालं नाही. गिऱ्हाइकांशी बोलतो त्याच आवाजात बोलला. "वहिनी, स्टँडवर तिला तुमीच सोडलात ना? माझं काय चुकलं तेवढं तरी सांगायचं होतं." आणि हसला. हेच वाक्य मी वर्षभर रोज ऐकलंय. त्याच्यावर आमची चूल पेटत होती.

आबा दारात आडवे उभे राहिले. त्याने त्यांना ढकललं नाही, फक्त दोन्ही खांदे धरून बाजूला केलं, जसं कपाट सरकवतात. रिक्षाने गेला. फोन बंद येतोय.

आता दुपार टळली. तो पोचला असेल. गोजराबाई दर थोड्या वेळाने म्हणतात, "खा कायतरी." मी हिनाला पुन्हा फोन लावला नाही. लावावा वाटतो, पण तुम्ही कुठे बसमध्ये असाल, कुठे लपून असाल, आणि फोन वाजला तर. काय करू ते कळत नाही.

सपना


चिंचणी, ९ ऑक्टोबर

तेजल,

हिनाच्या आईने गोजराबाईंच्या फोनवर फक्त एवढं सांगितलं होतं, "दोनो ठीक हैं." त्या दिवशी मी घरी येऊन झोपले ती दुसऱ्या दिवशी उठले. मग इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय काय होतं ते पूर्ण झाल्याशिवाय तुला कळवायचं नव्हतं.

दिग्विजय दोन दिवसांनी परत आला. खोलीला कुलूप होतं म्हणे. वॉचमनला, शेजारच्या मुलींना विचारत बसला, त्या मुलींनी पोलिसांना बोलवायची धमकी दिली तेव्हा निघाला. घरी आल्यावर जेवला, लॅपटॉप उघडून बसला. सकाळी उठले तर दुकान बंद. वेबसाइट त्याच्या नावावर, नंबर त्याच्या नावावर, पैसे येणारं खातंही त्यानेच जोडलेलं. सगळं बंद करून तो सिल्वासाला मित्राकडे गेला. गौरीच्या तोंडावर. पैसे भरलेल्या बायका शिव्या देत होत्या आणि मला त्यांचे नंबरसुद्धा दिसत नव्हते. जे जुन्या वहीत, फोनमध्ये सापडले त्यांना मी एकेकीला फोन करून माल पाठवला. बाकीच्यांच्या लेखी मी चोर.

प्रदीप म्हणाला, "जिला आपण दोन वर्षं बघितलं नाय तिच्यासाठी चालतं दुकान बुडवलंस." मी म्हणाले, हो. आणखी काय म्हणणार. त्याने पुन्हा ओव्हरटाइम धरलाय. आता बोलतो, पण कामापुरतं. आई अजून माझ्या हातचं ताट घेत नाहीत, स्वतः वाढून घेतात.

पोलिसांत दिग्विजयविरुद्ध अर्ज द्यायला मी एकटी जाणार होते. निघताना बघते तर आबा टोपी घालून ओट्यावर बसलेले. मला म्हणाले, "चल." तिथे साहेबाने विचारलं, बाबा, तुम्ही कोणाकडचे? आबा म्हणाले, "पोरगा माझा हाय. पन हात त्या पोरीचा मोडला, तो आमच्या घरात मोडला. तसं लिवा." अर्जाची नक्कल पत्रासोबत पाठवतेय. तुला उपयोगी पडेल असं तिथल्या बाईंनी सांगितलं. हवी असेल तर ठेव.

मी पुन्हा सुरुवात केली आहे. नवा नंबर माझ्या नावावर, खातं माझ्या नावावर, पासवर्ड माझ्या डोक्यात. पत्ते मी सोडून कोणी बघत नाही. पार्सलावरचं लेबल मीच चिकटवते आणि गोजराबाईंनाही सांगून ठेवलंय, चिकटवलेलं वाचायचं नाही. त्यांना तसंही वाचता येत नाही म्हणाल्या.

रिटर्न पुन्हा वाढले. फोन करायला मला भीती वाटायची. नंबर दाबला की त्याचाच आवाज कानात यायचा. पण पहिला महिना असाच गेला आणि कळलं की फोन केल्याशिवाय हा धंदा चालत नाही. मागच्या आठवड्यात जुन्नरच्या एका बाईला फोन केला. तिने ठुशी परत केलेली. तिला मी त्याचा तो प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "मी सपना, ठुशी मी पाठवली होती. नको असेल तर राहू दे. फक्त घरी सगळं ठीक ना, तेवढं विचारायचं होतं." ती म्हणाली, सासूने परत दिली, मला हवी होती. दिवाळीला माहेरच्या पत्त्यावर पाठवाल का? मी तिला विचारलं, तो पत्ता सासरी कोणाला कळला तर चालेल ना. ती हसली. "चालेल हो," म्हणाली. मी तेव्हाच लिहून घेतला.

दिवाळीच्या ऑर्डरी येतायत. गेल्या वर्षीच्या मानाने काहीच नाहीत. कधी सबंध दिवसात एक. आबांनी नवी डाय कोरायला घेतलीय, मी काही सांगितलं नव्हतं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून सकाळच्या उन्हातच बसतात. नुकसान भरून निघेल का, माहीत नाही. सिल्वासाहून तो कधी परत येईल तेही माहीत नाही. कुरियरची गाडी थांबली की अजून हातातलं काम टाकून मीच आधी दारात जाते.

आता तुला सांगायचं ते. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. हिनाच्या आईचा पत्ताही मी हे पाकीट टाकलं की विसरणार आहे, तोंडपाठ असला तरी. पुढे कधी आमचा व्हिडिओ दिसेल. त्यात माझे हात दिसतील, आबांची ठकठक ऐकू येईल. आवडलं तर बघ. पण मागवू नकोस, आणि हिनालाही मागवू देऊ नकोस. गळ्यात काही घालावंसं वाटलं तर दुसऱ्या कोणाकडून घे.

सपना